शेवटच्या शनिवारची अट

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची वेळापत्रके गणिती पद्धतीने तयार करून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काम करतो. येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल, आणि कॉन्फरन्स म्हणजे आपसांत सामने खेळण्यासाठी व दूरचित्रवाणीचे हक्क एकत्र विकण्यासाठी विद्यापीठांनी बांधलेला गट. 2024 च्या उन्हाळ्यात या गटांची मोठी उलथापालथ झाली. टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये गेली. ओरेगन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए यांच्या प्रवेशाने बिग टेन कॉन्फरन्सची सदस्यसंख्या अठरावर पोहोचली आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या पॅक-12 मध्ये केवळ दोनच विद्यापीठे उरली. या स्थलांतरामुळे शंभराहून अधिक वर्षांच्या काही लढतींना अचानक घर राहिले नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातील ‘बेडलम’ नावाने ओळखला जाणारा सामना 1910 पासून एकाही वर्षाचा खंड न पडता होत आला होता. 4 नोव्हेंबर 2023 रोजी ओक्लाहोमा स्टेटने तो 27–24 असा जिंकला आणि तेथेच ती परंपरा थांबली.

त्याच हंगामानंतर, हिवाळ्यात, एका राज्य विद्यापीठाने आम्हाला बोलावले. त्याचे नाव येथे देत नाही. हे विद्यापीठ नव्या, श्रीमंत कॉन्फरन्समध्ये दाखल होणार होते आणि त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी जुन्याच कॉन्फरन्समध्ये मागे राहणार होता. दोघांमधला सामना टिकवता येईल का, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यासाठी क्रीडा विभागाच्या बैठकीच्या खोलीत आम्ही सकाळी बसलो ते अंधार पडल्यावरच उठलो.

हा प्रश्न भावनेचा वाटतो. प्रत्यक्षात तो सम आणि विषम वर्षांचा निघाला. नियमित हंगामात प्रत्येक संघाला बारा सामने मिळतात. दोन्ही कॉन्फरन्समध्ये आपसांतले सामने नऊ, म्हणजे कॉन्फरन्सबाहेरच्या संघांसाठी जागा तीनच. नऊ ही विषम संख्या असल्यामुळे प्रत्येक संघाला एका वर्षी घरच्या मैदानावर पाच सामने मिळतात आणि पुढच्या वर्षी चार. तिकिटे, वाहनतळ, खाद्यपदार्थांची दुकाने आणि देणगीदारांच्या राखीव खुर्च्या यांवर क्रीडा विभागाचे अंदाजपत्रक उभे असते, आणि त्यासाठी घरचे सात सामने दोन्ही विद्यापीठांना हवेच होते. ज्या वर्षी कॉन्फरन्स घरी चारच सामने देते, त्या वर्षी कॉन्फरन्सबाहेरचे तिन्ही सामने घरीच खेळावे लागतात. प्रतिस्पर्ध्याच्या गावी जायचे, तर ते पाच सामन्यांच्या वर्षीच शक्य आहे. याचा अर्थ असा की दोन कॉन्फरन्समधल्या दोन संघांनी दरवर्षी आलटूनपालटून एकमेकांकडे जायचे असेल, तर एकाचे पाच सामन्यांचे वर्ष विषम आणि दुसऱ्याचे सम असले पाहिजे. आमच्यापुढील दोन्ही तक्त्यांत ते विषमच होते. आम्ही विषम वर्षी त्यांच्याकडे गेलो असतो तर आमचे सात सामने दोन्ही वर्षी पुरे झाले असते, परंतु सम वर्षी त्यांचे सहाच राहिले असते.

पलीकडच्या विद्यापीठाचे प्रतिनिधी दूरध्वनीवर होते. त्यांनी शांतपणे सांगितले की दूरचित्रवाणीच्या उत्पन्नात आधीच मोठी घट सोसत असताना घरचा एक सामना सोडणे त्यांना परवडणार नाही. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे न्याय्य वाटले. सोडून जाणाऱ्याने परंपरेचे गोडवे गावेत आणि तिची किंमत मागे राहिलेल्याने मोजावी, हे मला कधीच पटलेले नाही.

तिसऱ्या शहरातील मोठ्या व्यावसायिक स्टेडियमवर सामना खेळवण्याचा पर्यायही पुढे आला. तो काही अव्यवहार्य नाही. पुढे 2024 मध्ये वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा ‘ॲपल कप’ सिॲटलच्या लुमेन फील्डवर झालाच, आणि वॉशिंग्टन स्टेटने तो 24–19 असा जिंकला. पण आमच्या बैठकीत तिकीट कार्यालयाच्या ज्येष्ठ अधिकारी बाईंनी त्याला ठाम विरोध केला. अनेक दशके त्या खुर्च्यांचे वाटप पाहत होत्या. त्यांनी सांगितले की या सामन्याची तिकिटे मागणाऱ्या कितीतरी कुटुंबांत आई एका विद्यापीठाची आणि वडील दुसऱ्याचे असतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगसाठी सारी मुले घरी येतात आणि शनिवारी सगळे मिळून मैदानावर जातात. अखेरच्या वर्षातील खेळाडूंना निरोपही त्याच सुमारास दिला जातो. म्हणून त्यांचे मागणे केवळ प्रतिस्पर्ध्यापुरते नव्हते. तोच शेवटचा शनिवार आणि तेच मैदान त्यांना हवे होते. त्या बोलत असताना खोलीतला एकही माणूस फोनकडे पाहत नव्हता.

शेवटचा शनिवार मात्र गणिताने सर्वांत कठीण. अठरा संघांच्या कॉन्फरन्समध्ये त्या आठवड्यात एक संघ कॉन्फरन्सबाहेर खेळला, तर उरतात सतरा, आणि एकाला जोडीदार मिळत नाही. त्यामुळे बाहेर जाणारे संघ सम संख्येतच असावे लागतात. हे जमते याचा पुरावा दक्षिणेत आहे: फ्लोरिडा आणि फ्लोरिडा स्टेट, जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक, साउथ कॅरोलिना आणि क्लेम्सन, केंटकी आणि लुईव्हिल या चारही जोड्या दोन वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेल्या असून हंगामाच्या अखेरीसच भिडतात, कारण दोन्ही कॉन्फरन्स तो आठवडा त्यांच्यासाठी आधीच मोकळा ठेवतात. तेथे ही अट वेळापत्रक रचण्यापूर्वी लिहिलेली असते. आमच्याकडे ती सदस्यत्वाचा करार झाल्यावर, आणि शेवटचा आठवडा नव्या जोड्यांनी भरल्यावर, कोणाला तरी आठवली होती.

एरवी अटी लिहिल्या जात नाहीत असे नाही. 2024 पासूनच्या रचनेत बिग टेनने बारा लढती दरवर्षीसाठी राखून ठेवल्या. त्यांत आयोवाच्या वाट्याला तीन आल्या आणि पेन स्टेटच्या वाट्याला एकही नाही. समान वाटपाच्या दृष्टीने हे विषम दिसेल. मला मात्र ते योग्य वाटते, कारण इतिहासाने सर्वांना सारखे वैरी दिलेले नाहीत. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने 2026 पासून नऊ सामने आणि प्रत्येकाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी असे ठरवले, तेव्हा अलाबामा आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) यांची लढत दरवर्षीच्या यादीतून निसटली. पण या राखीव याद्यांना कॉन्फरन्सच्या सीमेपलीकडचे काही दिसत नाही, आणि आमचा सामना नेमका त्या सीमेवर होता.

दुपारनंतर मी शेवटच्या शनिवारचा विषय बाजूला ठेवून सम-विषमाचाच पेच घेतला. आमचा कॉन्फरन्समधला, विषम वर्षीचा घरचा एक सामना पाहुणा म्हणून खेळायचा ठरवला, तर आमचे पाचाचे चार होतात आणि समोरच्या संघाचे चाराचे पाच. पुढच्या वर्षी उलट, आणि आमचे पाच सामन्यांचे वर्ष सम होते. म्हणजे बदलायचा होता फक्त एक सामना. परंतु समोरचा संघ असा हवा होता की त्याची स्वतःची कॉन्फरन्सबाहेरची बांधिलकी या अदलाबदलीने मोडणार नाही. एकाचे राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाशी पक्के वेळापत्रक होते, दुसऱ्याने मोठ्या संघाशी दोन वर्षांचा करार केलेला होता आणि तो मोडल्यास भरपाई द्यावी लागणार होती. प्रत्येक नाव तपासताना अशाच कोणाच्या तरी जुन्या शब्दाला धक्का लागत होता. अखेर एक संघ सापडला ज्याचे कॉन्फरन्सबाहेरचे तिन्ही सामने सम वर्षी घरीच होते आणि विषम वर्षी त्यांतला एक परक्या मैदानावर होता. त्याला ही अदलाबदल उलट सोयीची ठरली. आमची त्याच्याशी यापूर्वी कॉन्फरन्समधील लढतच नसल्याने कोणी कोणाकडे आधी जायचे, हा वादही उद्भवला नाही.

कॉन्फरन्स कार्यालयाने त्याच संध्याकाळी अनुकूलता कळवली आणि काही आठवड्यांनी लेखी मान्यता आली. सामना टिकला, आलटूनपालटून दोन्ही गावांतच टिकला; पण तो सप्टेंबरमध्ये गेला, जेव्हा ऊन कडक असते, नवे विद्यार्थी नुकतेच आलेले असतात आणि थँक्सगिव्हिंगला बराच अवकाश असतो. तिकीट कार्यालयातील त्या बाईंनी माझे मनापासून आभार मानले आणि लगेच विचारले की पुढची रचना केव्हा ठरणार आहे. त्या रचनेसाठी विद्यापीठाने पाठवलेल्या मागणीपत्रात शेवटच्या शनिवारची अट पहिल्याच ओळीत आहे, आणि तसा शनिवार मागणारा आणखी एक सदस्य शोधण्याचे काम आम्ही सुरू केले आहे.