अकरावा माणूस आणि पीपीपी लॉग: माझा अनुभव

सकाळी सव्वानऊच्या सुमाराला फोन यायचा, "सर, व्हीपीएन लागत नाहीये. एरर ७२० येतोय." आज साताऱ्याचा सेल्सवाला, उद्या नागपूरचा. व्हीपीएन म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट. दुपारी तोच लॅपटॉप विनातक्रार लागायचा. दोन आठवडे आम्ही त्यांनाच राउटर बंद-चालू करायला लावलं. एकाला तर ब्रॉडबँड बदलून बघ म्हणालो, आणि बिचाऱ्याने बदललंही.

आमचं व्हीपीएन विंडोज सर्व्हरच्या राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस या सर्व्हिसवर चालतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉगिंग टॅबवर सगळे इव्हेंट नोंदवायला लावले, तरी नेमकं कुठल्या पायरीवर तुटतंय ते कळेना. मग ट्रेसिंगकडे वळलो, म्हणजे जोडणीची प्रत्येक पायरी फायलीत लिहून ठेवणाऱ्या सोयीकडे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून टाइप केलं: नेटश रास सेट ट्रेसिंग, पुढे तारका, पुढे एनेबल्ड. सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागत नाही, म्हणजे आत असलेल्या कुणाचं काम तुटत नाही. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत ट्रेसिंग नावाचं फोल्डर आहे, त्यात रासमॅन, पीपीपी (जोडणी जुळवणारा प्रोटोकॉल) अशा नावांच्या लॉग फायली दिसू लागल्या.

पहिला दिवस मात्र वाया गेला. मी दुपारी बघायला बसलो, तर सकाळचं काहीच शिल्लक नव्हतं. फाइल १ एमबीची झाली की तिला ओल्ड हे नाव मिळतं, नवी सुरू होते आणि आधीची ओल्ड पुसली जाते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, मायक्रोसॉफ्टच्या खाली ट्रेसिंग, त्यात पीपीपीची की आहे; तिथे मॅक्स-फाइल-साइझ वाढवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोन येताच वेळ लिहून घेतली आणि पीपीपी लॉगमध्ये तोच मिनिट शोधला. प्रत्येक पॅकेटपाशी तारीख, वेळ आणि प्रोटोकॉलचं नाव असतं. एलसीपी, म्हणजे जोडणीची पहिली बोलणी, नीट झालेलं. युजरनेम-पासवर्डची तपासणीही झालेली. अडलं होतं आयपीसीपीपाशी, म्हणजे सर्व्हर आयपी ॲड्रेस देतो त्या पायरीवर. त्या माणसाच्या इंटरनेटचा काडीचाही दोष नव्हता.

लगेच ॲड्रेस पूल, म्हणजे वाटायच्या ॲड्रेसचा साठा, उघडला. स्टॅटिक, म्हणजे हाताने ठरवून दिलेला पूल, ॲड्रेसचा शेवटचा आकडा १०१ ते १११. अकरा ॲड्रेस, त्यातला पहिला सर्व्हर स्वतःसाठी ठेवतो. उरले दहा. पूल बनवला तेव्हा बाहेरून काम करणारे आठ होते, आता चौदा. सकाळी सगळे एकदम यायचे आणि अकराव्यापासून पुढचे बाहेर राहायचे. १११ चं १५० केलं. त्याच कमांडमध्ये शेवटी डिसेबल्ड लिहून ट्रेसिंगही बंद केलं, कारण ते सर्व्हरवर भार टाकत राहतं.

पुढच्या सकाळी साडेनऊला चौदाही जण आत होते. ज्याला ब्रॉडबँड बदलायला लावलं होतं, त्याला मी स्वतः फोन करून सांगितलं, "तुमची लाइन आधीपासूनच ठीक होती हो. चूक आमच्याकडे होती."