मोंतोनेचे सूर्यघड्याळ आणि पळसगावचा यशवंत

इटलीतल्या पेरुजा शहरात राहायला येऊन मला आता अकरा वर्षे झाली. इथून उत्तरेकडे टायबर नदीच्या काठाने निघाले की तासाभरात मोंतोने नावाचे एक जुने, तटबंदीचे गाव टेकडीवर दिसू लागते. जुलै महिन्यात खालच्या खोऱ्यात गव्हाची कापणी झालेली असते, सूर्यफुले माना वर करून उभी असतात, तंबाखूची हिरवी शेते उन्हात चमकत असतात आणि झाडाझाडांतून रातकिड्यांसारखा एक किर्र आवाज दिवसभर चालू असतो. याच खोऱ्यातल्या उंचवट्यांवर 10 जुलै 1944 रोजी रायगड जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, माणगाव तालुक्याच्या पळसगावचा एक तरुण मारला गेला. त्याचे नाव यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत तो नाईक होता.

मी मूळचा महाडचा. लहानपणी मुंबईला जाता-येता एसटी माणगावला थांबायची, आणि माणगावात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेल्या घाडग्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाने दरवर्षी उत्सव भरतो, हे आमच्या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते कुठल्याशा महायुद्धात, कुठल्याशा दूर देशात धारातीर्थी पडले, एवढेच मला तेव्हा माहीत होते. तो दूरचा देश पुढे माझ्या रोजच्या जगण्याचा देश होईल आणि ते जिथे पडले ती जागा माझ्या घरापासून तासाभरावर निघेल, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

त्या दिवशी काय घडले, हे 2 नोव्हेंबर 1944 च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, थोडक्या शब्दांत नोंदलेले आहे. मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई केली होती. घाडग्यांच्या हाताखालच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि क्षणार्धात त्यांचा प्रत्येक सोबती ठार तरी झाला किंवा जखमी तरी. उभे राहिले ते एकटे घाडगे. आपल्यामागे आता कोणीही येणार नाही, हे पुरते ठाऊक असताना ते मशीनगनच्या दिशेने धावत सुटले. आधी हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक दोन्ही निकामी केले, मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. एवढ्यात मॅगझीन रिकामे झाले आणि दुसरे चढवायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून दोन्ही हातांत धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना संपवले. ठाणे हाती आले, पण दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

ही हकिकत मी अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी माझे मन त्या रिकाम्या मॅगझीनपाशी येऊन थांबते. धावत सुटणे एका आवेगात होऊ शकते, पण बंदूक रिकामी झाल्याचे कळल्यावर ती उलटी धरण्याइतके भान राहणे, ही गोष्ट मला फार वेगळी वाटते. लाकडाचा दस्ता, तापलेली नळी, तळहातांना बसलेला चटका, आणि समोर आपल्याच वयाची दोन जर्मन पोरे. शौर्याच्या वर्णनांतून हे सारे गळून जाते. ते गळू नये, असे मला मनापासून वाटते, कारण त्यावाचून त्या क्षणाची किंमत कळत नाही.

घाडग्यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा. म्हणजे मृत्यूच्या दिवशी त्यांना 22 वर्षे पूर्ण झाली होती आणि तेविसावे पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. माझा भाचा आज याच वयाचा आहे, अजून शिकतो आहे आणि घरून फोन आला की आईला ‘नंतर करतो’ म्हणून सांगतो. आपल्या भाषेत हुतात्म्याला ‘ते’ म्हणायची रीत आहे आणि ती योग्यच आहे. वर मीही बहुतेक ठिकाणी तसेच लिहिले आहे. पण मोंतोनेच्या त्या टेकडीवर उभा राहिलो की माझ्या मनात ‘ते’ येत नाही, ‘तो’ येतो. पळसगावात त्याला कोणी अहो-जाहो केले असेल? घरात, शेताच्या बांधावर त्याला ‘यशवंता’ म्हणूनच हाक पडली असणार. जुलै म्हणजे आपल्याकडे भाताच्या लावणीचे दिवस. कोकणात गुडघाभर चिखलात माणसे वाकून रोपे लावत असताना हा इथे कोरड्या, पांढुरक्या मातीच्या उतारावर पडला होता.

इटलीतल्या त्या मोहिमेत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनचे सुमारे 50,000 सैनिक लढले आणि त्यांपैकी 5,782 जण परत आले नाहीत. या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैन्यातील जवानांना मिळाले. त्या सहांत दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते: एक यशवंत घाडगे आणि दुसरे, 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना माऱ्यातून उचलून आणणारे शिपाई नामदेव जाधव. जाधव जिवंत घरी परतले.

‘ही लढाई आपली नव्हती’ असे मला गावाकडची काही मंडळी सांगतात. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. ज्या वर्षी घाडगे टायबरच्या खोऱ्यात लढत होते, त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होते आणि त्याच सह्याद्रीच्या कुशीतले तरुण इंग्रजांची सत्ता उखडायला भूमिगत झाले होते. एकाच वेळी, एकाच पिढीची मुले दोन वाटांनी गेली. त्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या 25 लाखांवर पोहोचली आणि सारे स्वेच्छेने भरती झालेले होते, असे म्हणतात. त्या स्वेच्छेत पलटणीची परंपरा किती आणि घरची ओढगस्त किती, याचा हिशेब आज बसून मांडणे मला जमत नाही. मात्र भूमिगतांची आठवण ठेवायची असेल तर भरती झालेल्यांना विसरायलाच हवे, हा हट्ट मला मान्य नाही. इथल्या गावांतून जर्मन फौजा हटल्या, त्या अशा मुलांनी रेटल्या म्हणून हटल्या, आणि उंब्रियातल्या, म्हणजे या पेरुजा-मोंतोनेच्या प्रांतातल्या, लोकांनी हे लक्षात ठेवले आहे.

घाडग्यांची कबर नाही, समाधी नाही. त्यांचे नाव आहे ते इथून बऱ्याच अंतरावर, रोम आणि नेपल्सच्या मधल्या कासिनोला, ज्यांच्या अंत्यस्थानाचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या स्मारकावर. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. डोंगरमाथ्यावर तो प्रसिद्ध मठ, पायथ्याशी दफनभूमी, ओळीने उभ्या पांढऱ्या शिळा. एका हिंदू सैनिकाच्या शिळेवर ‘ॐ भगवते नमः’ ही देवनागरी अक्षरे दिसली आणि मी जागीच थबकलो. परदेशात आपली लिपी एरवी किराणा दुकानातल्या पुड्यांवर दिसते. ती दगडात कोरलेली पाहिल्यावर बोटांनी चाचपावीशी वाटली आणि मी चाचपली. स्मारकावर मात्र नावे रोमन लिपीत आहेत. घाडग्यांचे नाव शोधून त्याखाली क्षणभर हात टेकवला.

मोंतोनेमध्ये 22 जुलै 2023 रोजी तिथल्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्याच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो’ असा आहे. दगडी पुतळ्यापेक्षा मला ही कल्पना अधिक जवळची वाटते, कारण सावली रोज सरकते आणि कोणी पाहायला आले नाही तरी सरकते.

यंदा 10 जुलैला मी सुट्टी घेऊन तिथे गेलो. सूर्य माथ्यावर आला आणि सावली सर्वांत आखूड झाली, तेव्हा माझ्या मनगटावर सव्वा वाजला होता. इथे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे लावतात. माणगावात त्या वेळी पावणेपाच वाजले असतील आणि पाऊस पडत असेल. मी नेलेली फुले ठेवली. शेजारच्या सावलीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत जवळ आले आणि त्यांनी हळूच विचारले, “तुमच्या नात्यातले का?”

मी म्हणालो, “आमच्या शेजारच्या तालुक्यातले.” ते त्यांना पुरेसे वाटले असावे, कारण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग नाव वाचण्याचा प्रयत्न केला. इटालियन माणसाच्या तोंडी ते ‘गाद्जे’ असे झाले. मी त्यांना सांगितले, घाडगे. ‘घ’ त्यांच्या भाषेत नाही, ‘ड’ ही नाही. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिले, मी पुन्हा सांगितले. तिसऱ्या खेपेला ते जवळजवळ बरोबर म्हणाले, “यशवंत घाडगे.”