तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या माणसांना लस घ्यायला तयार कसं करायचं?

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडच्या उपकेंद्रांतल्या सिस्टर, शहरातल्या सिडको-सातपूरच्या आशाताई, नुकतेच रुजू झालेले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सगळ्यांकडून हा प्रश्न फिरून फिरून येतो. लेकराला घेऊन आई आपण होऊन सत्राला येते, पण साठीच्या माणसाला फ्लूची लस घ्या म्हटलं की तो हसतो आणि चालू लागतो. त्याला तयार कसं करायचं?

बहुतेकांना तयार करावंच लागत नाही. कुठली लस, कशासाठी, कुठे, कोणत्या वारी आणि किती पैशांत, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. नकार देणारे असतात, पण ते थोडे. बाकीचे ‘बघू’वाले. आपली बरीचशी ताकद त्या थोड्यांशी वाद घालण्यात जाते आणि ‘बघू’वाले तसेच राहतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन बघा. द्राक्षबागेत मांडवाची तार पायात घुसली, गंजका खिळा लागला, की माणूस स्वतः दवाखान्यात येऊन म्हणतो, ‘टीटी मारा.’ त्यासाठी कुणी पोस्टर लावलेलं नसतं. हीसुद्धा प्रौढांची लसच आहे, आणि तिला कोणी नाही म्हणत नाही. कारण कधी घ्यायची आणि कुठे मिळते, दोन्ही त्याला पाठ आहे. उलट लोक ती गरजेपेक्षा जास्त घेतात. दर सहा महिन्यांनी घ्यावीच लागते हा समज गावोगाव आहे, आणि काही दवाखान्यांना तो मोडायची घाई नसते. खरं तर मूळ तीन डोस झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी मागचा डोस १० वर्षांच्या आतला असेल तर पुन्हा लागत नाही. जखम खोल असेल, माती-शेणाने माखलेली असेल, तर ही मर्यादा ५ वर्षांवर येते. उगाच वरचेवर टोचलं तर दंड सुजून लालभडक होतो आणि मग ‘मला इंजेक्शन सोसत नाही’ ही गोष्ट घरभर होते. २०१९ पासून सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी टीडी आलं, त्यात घटसर्पाचाही भाग असतो. हे सांगायला दहा सेकंद लागतात. त्याच बैठकीत तारखेसह कार्ड लिहून द्या, आणि शुगर-बीपीची गोळी चालू आहे का, तेही विचारून घ्या. जखमेवर पट्टी बांधून घेताना माणूस जेवढं ऐकतो, तेवढं एरवी ऐकत नाही.

मालेगावचं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवा. या शहराला लसीकरणाचे विरोधक म्हणून हिणवायची सवय बाहेरच्यांना आहे. पण हजला जाणारा प्रत्येक जण मेंदूज्वराची लस शिस्तीत घेतो. ती सौदीत पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, त्याशिवाय प्रवेश नाही. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, कागद हातात, आणि सांगणारा माणूस ओळखीचा. एवढं जुळलं की माणसं येतात.

आता बोलण्याकडे येऊ. ‘लस घ्यायची का, बाबा?’ असं विचारलं की ‘बघू’ हेच उत्तर मिळणार, कारण आपणच तसं विचारलेलं असतं. त्याऐवजी असं म्हणा: ‘बाबा, तुमची शुगरची गोळी चालू आहे ना, मग पावसाळ्याआधी तुम्हाला फ्लूची लस लागते. साठा आलाय. आज देऊ, का मंगळवारी गोळ्या न्यायला याल तेव्हा?’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही. आपण लगेच फायदे मोजायला लागतो आणि समोरच्याला वाटतं, काहीतरी विकायला आलेत. बाबा म्हणतील, ‘ताप येईल का?’ तर ‘काही होत नाही’ असं कधीही सांगू नका. ‘हात दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, पॅरासिटामॉल चालते’ असं सांगा. काही होत नाही म्हणून सांगितलेल्या माणसाला रात्री कणकण आली, तर सकाळी आख्ख्या गल्लीला बातमी असते.

ज्याच्या मनात खरंच भीती आहे, त्याला आधी ‘काय ऐकलंय तुम्ही?’ असं विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. हल्ली उत्तर बहुधा एकच असतं: कोविडच्या लशीने तरणीताठी पोरं हार्ट अटॅकने जातात. हे खोडून काढायला आवाज चढवू नका. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लशीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: आधी कोविडने रुग्णालयात भरती झालेलं असणं, घराण्यात अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरपूर दारू किंवा झेपणार नाही इतके श्रम. त्याच वेळी हेही मान्य करा की कोविशील्डने क्वचित कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं सिद्ध झालं आहे. आपण खरा धोका लपवला नाही हे दिसलं, की उरलेल्या बोलण्यावर विश्वास बसतो. आणि ‘सिस्टर, तुम्ही घेतली का?’ हा प्रश्न येणारच. हिपॅटायटिस बीचे (म्हणजे कावीळ बीचे) तीन डोस आणि यंदाची फ्लूची लस स्वतः घेतलेली नसेल, तर आधी ती घ्या, मग वस्तीत जा.

माणसं शोधायला वेगळा सर्व्हे नको. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायचा प्रश्नांचा कागद, आशाताईंकडे भरलेला असतो. त्यात शुगर, बीपी, दमा, तंबाखू, चुलीचा धूर, सगळं आहे. त्यातून ५० ते ६० नावं काढली की उपकेंद्राची यादी तयार. ही माणसं महिन्याला गोळ्या न्यायला तुमच्याच दारात येतात. त्यांच्या एनसीडी (शुगर-बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) कार्डाच्या कोपऱ्यात ‘फ्लू’ लिहून पुढे तारखेची जागा ठेवा. रिकामी जागा दिसली की गोळ्या देणारा आपोआप विचारतो. शिबिरापेक्षा हे बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिबिरात फोटो चांगले येतात, पण जो त्या दिवशी मार्केटला कांदा घेऊन गेला, तो वर्षभर राहून जातो.

फ्लूच्या लशीचं वेळापत्रक आपल्याकडे पावसावर चालतं. साथ जोर धरते जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि टोचल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे एप्रिल-मे हा योग्य काळ. विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते; खोक्यावर कुठल्या हंगामाची लस आहे ते छापलेलं असतं, जुना साठा कुणी खपवत नाही ना ते बघा. डोस ०.५ मिली, दंडात. साधी सर्दी हिने थांबत नाही, हे आधीच सांगून टाका. ‘घेतली तरी शिंका आल्याच’ ही तक्रार तिथेच संपते. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते. दिंडीत साठीपुढचे पुष्कळ असतात, रोज मुक्कामाला दाटीवाटीने झोपतात. दिंडीप्रमुखाला वैशाखात गाठून नावांची यादी मागितली, तर एका संध्याकाळी भजनानंतर सगळ्यांचं होऊन जातं. राज्याचा आरोग्य विभाग गरोदर बायका, शुगर-बीपीचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत देतो, पण साठा येतो आणि संपतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आकडा घेतल्याशिवाय दवंडी पिटू नका. एकदा रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

कुत्रा चावलेला माणूस मात्र पहिल्या दिवशी हमखास येतो आणि नंतर गळतो. पोटात १४ इंजेक्शनं ही भीती अजून म्हाताऱ्यांच्या तोंडून पोरांपर्यंत उतरते. ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता सरकारी दवाखान्यात कातडीत, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, अशी चार वेळा देतात: दिवस ०, ३, ७ आणि २८. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. दात घुसून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. गळती होते ती शेवटच्या डोसला, कारण जखम तोवर भरलेली असते. यावर एक सोपा तोडगा आहे. ०, ७ आणि २८, तिन्ही दिवस एकाच वारी येतात. पहिला डोस बुधवारी घेतला असेल, तर ‘गोदाघाटावरच्या बाजाराच्या दिवशी’ एवढं सांगितलं की पुरे. तिसऱ्या दिवसाचा एक डोस तेवढा वेगळ्या वारी, म्हणून त्याची आठवण फोनवर करायची. गरोदर बाईचे टीडीचे दोन डोसही चार आठवड्यांच्या अंतरानेच असतात, तिथेही हाच हिशेब चालतो.

हिपॅटायटिस बी हे जरा नेटाने करायचं काम. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, प्रत्येकी १ मिली, आणि तेही दंडातच. कमरेवर दिलं तर चरबीत जाऊन लस नीट लागू पडत नाही. सफाई कामगार, रुग्णालयातले वॉर्डबॉय, डायलिसिसचे रुग्ण, ज्यांच्या घरात कावीळ बीचा रुग्ण आहे ते, यांना आधी. डायलिसिसवाल्यांना डोस दुप्पट लागतो, तो त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचा. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, जिथे थांबला तिथून पुढे. हे माहीत नसल्यामुळे ‘आता काय उपयोग’ म्हणून कित्येक जण सोडून देतात. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागांवर येणाऱ्या मजुरांचं कार्ड त्यांच्याच हातात द्या, मुकादमाकडे नको. पहिला डोस ऑक्टोबर छाटणीला दिला तर दुसरा महिन्याभरात बागेवरच होतो आणि तिसरा एप्रिलमध्ये, गावी परतताना किंवा तिथल्या आरोग्य केंद्रात. सिंहस्थाची मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. घाटावर काम करणाऱ्यांचे तिन्ही डोस त्याआधी पुरे व्हायचे, तर पहिला जानेवारी २०२७ च्या पुढे जाऊन चालणार नाही.

न्यूमोनियाची लस आणि नागिणीची लस विकत घ्यावी लागते, आणि किंमत पहिल्याच वाक्यात सांगायची. नागिणीचे दोन डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने, पन्नाशीनंतर. खर्च पाच आकडी, आणि अंगदुखी-ताप दोन-तीन दिवस चांगलाच जाणवतो. गंगापूर रोडवरच्या पेन्शनराला ती जरूर सुचवा. रोजंदारीवरच्या मावशींना तिची माहिती देऊन नुसती चुटपुट लावू नका. पैसे मोजकेच असतील तर पासष्टीच्या पुढे किंवा दमा-शुगर असेल तर आधी न्यूमोनियाची लस, असं आम्ही सांगतो. ती दरवर्षीची नसते. कुठला प्रकार मिळाला यावर पुढचा डोस लागतो की नाही ते ठरतं, म्हणून रिकाम्या खोक्याचा फोटो माणसाच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा.

प्रत्यक्ष टोचताना मोठ्या माणसांच्या अडचणी वेगळ्या. बायकांच्या ब्लाऊजची बाही घट्ट असते. ती ओढून-ताणून वर सरकवली की सुई खांद्याच्या सांध्याजवळ लागते आणि महिनोन्‌महिने हात वर होत नाही. निरोपातच सांगा, सैल बाहीचं घालून या. आणि आडोशाला एक चादर बांधा. खांद्याच्या हाडाखाली दोन ते तीन बोटं सोडून सुई ९० अंशांत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बारीक सुई आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाबून धरायचं. उपवासाला लोकांना बोलावू नका, घेरी येते. घेरी आलेला माणूस पांढरा पडतो, नाडी मंद होते, आडवा केला की पाच मिनिटांत सावरतो. खाज, गांधी, घोगरा आवाज, धाप आणि वेगाने चालणारी नाडी दिसली तर वाट बघायची नाही: १ : १००० अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि १०८. यासाठीच अर्धा तास बसवायचं. खासगी दवाखान्यातल्या घरगुती फ्रिजकडेही लक्ष असू द्या. उन्हाळ्यात लस तापेल याची काळजी सगळे घेतात, पण फ्रीझरला टेकून ठेवलेली हिपॅटायटिस बी किंवा टीडी गोठून निकामी होते आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. लस २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात, दारात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन करा: ‘मावशी, हात कसा आहे?’ आणि ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्या नावापुढे फुली मारू नका, तारीख लिहा. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला आले की पुन्हा विचारा, त्याच सुरात. घरात कुणी फ्लूने दवाखान्यात जाऊन आलं असेल तर त्या महिन्यात उत्तर बदललेलं असतं.