भरदिवसा बाहेर आलेला ऑक्टोपस

सिॲटलला मी लोकांना ऑक्टोपस दाखवायला पाण्यात नेतो. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा दाखवतो ते एक बीळ. बिळाच्या तोंडाशी खेकड्यांची कवचं आणि शिंपल्यांचा उकिरडा, आणि टॉर्च तिरका मारला तर आत पांढऱ्या चूषकांची, म्हणजे हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांची, एखादी ओळ. जायंट पॅसिफिक ऑक्टोपस ही ऑक्टोपसची सगळ्यात मोठी जात. वीस-पंचवीस किलोंचा नर काही दुर्मीळ नाही, हात पसरले तर चारेक मीटर. पण एवढं सगळं धूड दिवसा खडकाखालच्या फटीत अंग चोरून बसतं आणि शिकारीला बाहेर पडतं ते बहुतेक अंधार पडल्यावर. त्यामुळे पाण्याबाहेर येताना गिऱ्हाइकाचं तोंड उतरलेलं बघायची मला सवय झाली आहे.

त्या फेब्रुवारीत आलेल्या ताई मूळच्या नागपूरच्या, नोकरीला सिॲटलजवळच्या रेडमंडला. मी मालवणजवळच्या देवबागचा आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "अरे, मग तू या गारठ्यात काय करतोयस?" प्रश्न रास्त होता. तारकर्लीला मी टी-शर्टवर टाकी चढवून पर्यटकांना खाली न्यायचो, पाणी २८ अंश. इथे प्युजेट साउंडचं, म्हणजे सिॲटलच्या खाडीचं, पाणी हिवाळ्यात ८ अंशांच्या आसपास. आत लोकरी कपडे, वर पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट, डोक्याला हूड, हातात जाड मोजे, आणि सूटमधली हवा माणसाला वर उचलते म्हणून अंगावर तीसेक पौंड शिसं. एवढा संसार पाठीवर घेऊन गाडीपासून पाण्यापर्यंत चालायचं. काठावर पोचेपर्यंत ताई घामाघूम.

"गळा फार आवळतोय रे हा."

"आवळायलाच पाहिजे, ताई. सैल राहिला तर थंड पाणी थेट पाठीतून उतरेल."

जागा होती वेस्ट सिॲटलमधल्या सीक्रेस्ट पार्कची, कोव्ह २. समोर इलियट बेच्या पलीकडे शहरातले टॉवर, शेजारी वॉटर टॅक्सीचा धक्का. या जागेला थोडा इतिहास आहे. २०१२ मध्ये इथेच एका डायव्हरने परवाना काढून, कायद्याला धरून, एक मोठा ऑक्टोपस हाताने पकडून बाहेर काढला. तेव्हा काठावर इतर डायव्हर होते. फोटो शहरभर फिरले, लोक खवळले. २०१३ मध्ये राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाने या किनाऱ्यासकट ७ जागी ऑक्टोपस पकडायला बंदी घातली. खायला धरला म्हणून आरडाओरडा झाल्याचं आमच्या देवबागात कोणाला सांगितलं तर हसतील. पण इथल्या डायव्हरांना कोणता ऑक्टोपस कोणत्या बिळात आहे हे शेजाऱ्याच्या पत्त्यासारखं ठाऊक असतं, हे लक्षात घेतलं की राग समजतो.

खाली गेलो. पाणी हिरवट, दिसतंय जेमतेम पंधरा फूट. पन्नासेक फुटांवर लोखंडी बीमचा ढीग आहे, त्यावर मेट्रिडियम ॲनिमोनी, म्हणजे फुलासारखे दिसणारे पांढरे समुद्री प्राणी, फुललेले. बिळं त्याच ढिगाखाली. मी टॉर्च खाली धरून ताईंना खुणेने बोलवत होतो, इतक्यात त्यांनी माझा दंड असा काही पकडला की मला वाटलं यांची हवा संपली.

ढिगाच्या बाहेर, उघड्या वाळूवर, सकाळी साडेदहाच्या उजेडात ऑक्टोपस चालत येत होता. सरळ आमच्याकडे.

ताईंच्या मास्कमधून त्यांचे डोळे दिसत होते, आनंदाने विस्फारलेले. कॅमेरा चालू झाला होता. माझी नजर मात्र वेगळ्याच गोष्टींवर गेली. धडधाकट ऑक्टोपसवर उजेड पडला की कातडी क्षणात बदलते, विटकरी लाल होते, अंगावर काटे-कंगोरे उभे राहतात. हा तसाच राहिला, फिकट राखाडी-गुलाबी. डोक्यावर आणि दोन हातांवर पांढरे चट्टे, कडा कुरतडल्यासारख्या. डोळ्याभोवतीची कातडी मागे ओढली गेल्यामुळे बुबुळ बाहेर आल्यासारखं वाटत होतं. एका हाताचं टोक झडलेलं. उजव्या बाजूचा तिसरा हात मी मुद्दाम बघितला. त्याच्या टोकाला चूषक नव्हते, गुळगुळीत होतं. म्हणजे नर.

तो ताईंच्या गुडघ्यापाशी आला आणि एक हात त्यांच्या फिनवरून पोटरीवर, तिथून कॅमेऱ्यावर टाकला. ऑक्टोपसला चूषकांनी चवही कळते. अनोळखी वस्तू दिसली की तो आधी चाचपतो. तरुण ऑक्टोपस अशा वेळी कॅमेरा ओढतो, रेग्युलेटरच्या, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या यंत्राच्या, नळीला हात घालतो, आणि पन्नास फुटांवर तो खेळ मला परवडणारा नसतो. म्हणून मी ताईंच्या मागे जाऊन त्यांच्या टाकीचा वरचा भाग धरून ठेवला होता. पण या हातात ओढ नव्हती. मी तो सोडवायला गेलो तेव्हा चूषक एकेक करून सुटले नाहीत, सगळे एकदमच सुटले. हात वाळूवर पडला. ऑक्टोपस जरा वेळ तिथेच थांबला, मग ज्या दिशेने आला होता तिच्या आडवा निघाला, बीमच्या ढिगाकडे पाठ करून.

ताईंच्या टाकीतल्या हवेचा दाब १४०० पीएसआयवर उतरला होता. मी वर चला अशी खूण केली.

पाण्याबाहेर डोकं काढल्या काढल्या त्यांनी रेग्युलेटर तोंडातून काढला. "बघितलंस? तो मला भेटायला आला होता रे!"

अशा वेळी गप्प बसणारे गाइड मला माहीत आहेत. गिऱ्हाईक खूश, टिप चांगली, कशाला विरजण घाला. मला ते जमत नाही. पण उथळ पाण्यात, अंगावर शिसं असताना सांगायची ती गोष्ट नव्हे. सूट उतरवले, थर्मासमधला चहा ओतला, मग सांगितलं.

या प्राण्याचं एकूण आयुष्यच तीन ते पाच वर्षांचं. समागमाचा काळ एकदाच येतो. मादी हजारो अंडी घालून त्यांच्यावर महिनोन्महिने पहारा देते, त्या काळात काही खात नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. नराला पहारा नाही, पण त्याचंही खाणं सुटतं. चट्टे भरत नाहीत, हालचालीतला नेम जातो, बिळात लपायचं भान राहत नाही आणि तो दिवसाढवळ्या भटकत राहतो. सिॲटल ॲक्वेरियमच्या रोलंड अँडरसन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००२ मध्ये ही सगळी लक्षणं नोंदवून ठेवली आहेत. हा रोग नाही. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी दुसऱ्या एका जातीच्या अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढून बघितल्या, तर माद्यांनी अंडी सोडून दिली, पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे मरणाची कळ शरीरातच बसवलेली आहे.

"मग ॲक्वेरियमला फोन करूया ना. नेतील त्याला."

"नेऊन काय करणार, ताई? एखादा सील खाईल, नाहीतर लिंगकॉडसारखा मोठा मासा. उरलं तर खेकडे आहेत. आयुष्यभर यानेच खेकडे खाल्लेत."

त्या माझ्यावर थोड्या चिडल्याच. गाडीत बसेपर्यंत फारसं बोलल्या नाहीत, आणि मीही समजूत घालायला गेलो नाही. आनंद त्यांचा खरा होता, त्याने हात टाकला तेही खरं. पण भेट वगैरे नव्हती. इथल्या पाण्यात जो ऑक्टोपस सहज दिसतो, हाताला लागतो, त्याच्याकडे मी हल्ली आधी डॉक्टरच्या नजरेने बघतो.

पुढच्या आठवड्यात मी त्या बाजूला गेलो होतो, तो कुठे दिसला नाही. बीमखालच्या एका बिळात दुसरा होता, नेहमीप्रमाणे दोन चूषक आणि भरपूर अंधार.

ताईंचा मेसेज नंतर आला. त्यांनी व्हिडिओ नागपूरला आईला पाठवला होता, सोबत काहीच न लिहिता. आईंचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं पुढे पाठवलं: "छान आहे गं. पण हा म्हातारा आहे का? डोळे बघ त्याचे." आणि त्याखाली ताईंचं स्वतःचं: रात्रीचा डाइव्ह किती वाजता असतो, आणि याहून जाड हातमोजे मिळतील का.