तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेंटनंतर फुगा बंद होईल का?

मेंदूतल्या रक्तप्रवाहाची संगणकावर गणितं करते असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग स्टेंट घातल्यावर ॲन्युरिझम बंद होणार की नाही, हे आधीच कळतं का?’ नाही कळत. जे कळतं तेही कमी नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

ॲन्युरिझम म्हणजे धमनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगा. शंभरातल्या साधारण तीन प्रौढांच्या मेंदूत तो असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. फ्लो डायव्हर्टर हा त्यावरचा एक उपचार: मूळ धमनीत, फुग्याच्या तोंडावरून जाणारी बारीक विणीची नळी. अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळालेला पाइपलाइन नावाचा असाच स्टेंट 48 तारांनी विणलेला होता. तरी धातूने झाकला जातो तो तोंडाचा जेमतेम तिसरा हिस्सा. बाकी भोकंच! रक्त आत जातंच, पण मंदावतं. मंदावलेलं रक्त हळूहळू गोठतं, जाळीवर नवं अस्तर चढतं आणि फुगा बंद होतो. याला महिने लागतात.

आमचं गणित त्या मंदावण्याचं. अँजिओग्राफीच्या त्रिमितीय चित्रांवरून त्या रुग्णाच्या धमनीचा आकार काढायचा, त्यात संगणकातच स्टेंट उलगडायचा, पोकळीचे लाखो तुकडे पाडायचे आणि नेव्हियर-स्टोक्स समीकरणं (द्रव कसा वाहतो ते सांगणारी) सोडवायची. धमनी चार-पाच मिलिमीटरची, तार मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश जाडीची. तुकड्यांची संख्या फुगते ती या तारांपायी. म्हणून काही जण अख्खी जाळी म्हणजे एक सच्छिद्र पडदा असं धरतात. काम लवकर उरकतं, पण तारांमधून घुसणाऱ्या बारीक धारा हरवतात. मला ते रुचत नाही.

गृहीतकं आमचीही आहेतच. धमनीची भिंत ताठ धरतो, रक्ताचा चिकट दाटपणा (व्हिस्कॉसिटी) सगळीकडे सारखा धरतो. मला खटकतं ते वेगळंच: धमनीत शिरणाऱ्या रक्ताचा वेग पुष्कळदा त्या रुग्णाचा मोजलेला नसतो, निरोगी माणसांच्या सरासरीवरून उचललेला असतो. त्यामुळे भिंतीवरच्या घर्षणताणाचा (वाहतं रक्त भिंतीला घासून जो ताण देतं त्याचा) एकटा आकडा कुणी दाखवला तर मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. स्टेंटआधी आणि स्टेंटनंतर अशी तुलना मात्र बरीच टिकते, कारण दोन्हीकडे गृहीतकं तीच. एका जागी बसवलेला स्टेंट आत शिरणारी धार मोडतो का, दुसऱ्या जागी तीच धार तशीच राहते का, हे नीट दिसतं. फुग्यातूनच एखादी शाखा निघत असेल तर तिच्या ओढीने आतला प्रवाह चालूच राहतो, तेही दिसतं. असे फुगे बंद व्हायला कुरकुरतात.

पण गणित चालतं हृदयाच्या मोजक्या ठोक्यांपुरतं आणि गोठण्याला लागतात महिने. शिवाय स्टेंटमध्येच गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटू न देणारी औषधं दिलेली असतात. म्हणजे नळीत रक्त गोठायला नको आणि शेजारच्या फुग्यात गोठायला हवं. समीकरणांत ना बिंबिका असतात, ना औषधं. गोठण्याची रसायनं जोडून केलेली मॉडेल्स आहेत, पण त्यांत इतके स्थिरांक घालावे लागतात, की उत्तराचं श्रेय नेमकं कुणाला द्यावं ते समजेनासं होतं.

त्यामुळे लाल-निळ्या रंगांचं देखणं चित्र कुणी पुढे केलं, की मी पहिल्यांदा विचारते: आत येणाऱ्या रक्ताचा वेग कुठून घेतलात?