खाली आमची माणसं आहेत

आज कोमोतेला जाताना नावाड्यानं भर पाण्यात इंजिन बंद केलं. मला वाटलं, पेट्रोल संपलं. तो हळूच म्हणाला, "खाली आमची माणसं आहेत."

उत्तर केनियातलं तुर्काना सरोवर. इथिओपियात ओमो नदीवर २०१६ मध्ये मोठं धरण झालं, तेव्हा हे आटेल अशी भीती होती. झालं उलटंच, पाणी चढत गेलं. एल मोलो या चिमुकल्या मासेमार समाजाचं कोमोते गाव किनाऱ्यापासून तुटून बेट झालं. वाटेतली दगड रचलेली थडगी बुडाली, गोड्या पाण्याची पाइपलाइनही.

तेवढा पट्टा त्यानं वल्ह्यानं पार केला. घरात बाळ झोपलेलं असताना आपण वावरतो ना, अगदी तसा. पलीकडे गेल्यावरच इंजिनाची दोरी ओढली.

त्याच्या पायाशी पिवळा कॅन होता, सरोवराचंच मचूळ पाणी भरलेला. त्यातल्या फ्लोराइडनं दात तपकिरी झालेले. मी दिलेली पाण्याची बाटली त्यानं उघडलीच नाही. मुलीसाठी ठेवली.

एल मोलोंची स्वतःची भाषा तर केव्हाच गेली, आता ते सांबुरू बोलतात. इंजिन नेमकं कुठे बंद करायचं, हे त्या मुलीला कोण दाखवणार?