चौकड्यांचा टॉवेल

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर इतरांना गॅदरिंग, सहल, छड्या आठवतील. मला टॉवेल आठवतो.

१९७८ साल, आठवी ब. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'चेक', आणि अर्थ विचारले. तपासणे, बँकेचा चेक, बुद्धिबळातला शह... उत्तरं भराभर आली. मी म्हणालो, "टॉवेल!" वर्गात हशा पिकला. दहावीपर्यंत माझं नाव 'टॉवेल'च राहिलं. दोघंतिघं अजून फोनवर त्याच नावानं हाक मारतात.

पण मी दुसरं काय सांगणार? पूर्व भागातलं घर, पुढच्या खोलीत माग. नान्ना, म्हणजे माझे वडील, चौकड्यांचे टॉवेल विणायचे, व्यापारी त्याला 'चेक्सचा माल' म्हणायचे. ताण्यात ठरावीक अंतरावर रंगीत धागे, आडव्यातही तेवढेच मोजून. मोजणी चुकली की चौकोन बिघडला.

सर हसले नाहीत. म्हणाले, "उद्या तो टॉवेल आण. आणि मूठभर चिंचोके."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर टॉवेल अंथरला आणि घराघरात चिंचोके मांडले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल असाच मोजत. दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, वर रेघारेघांचं कापड. एका रकान्यात पेनी, शेजारी शिलिंग, पुढं पौंड. सोंगट्या सरकवायच्या नि हिशेब करायचा. कापड दिसायला बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून पटाच्याच जुन्या फ्रेंच शब्दावरून त्या कचेरीचं नाव एक्सचेकर. तिथल्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते अजून आहे. बँकेच्या चेकच्या शेपटीला क्यू-यू-ई लागलं तेही याच नावाच्या वळणानं. अमेरिकेत नुसतं सी-के. (हे कळल्यावर स्पेलिंगवरचा माझा राग थोडा निवळला.)

मग पटाची गोष्ट. खेळ आपला, चतुरंग. तो इराणात गेला. तिथं राजावर चाल आली की 'शाह!' म्हणायचे. अरबांकडून, फ्रेंचांच्या तोंडून इंग्लंडला पोचेपर्यंत त्याचा 'चेक' झाला, शाहमातचं चेकमेट झालं. राजाला अडवायचं म्हणून चेक म्हणजे रोखणं, त्यातूनच पुढं तपासणं. चेस हा शब्दही त्याच घरातला, आणि पटासारख्या चौकड्यांचं 'चेक्स'ही. आणि मराठीतला आपला 'शह', तोही हाच शाह! म्हणजे 'शह' म्हणून शाबासकी मिळवणारा शेवटच्या बाकावरचा गडी आणि मी, दोघांनी एकच उत्तर दिलं होतं. ते त्याला अजून पटलेलं नाही.

घरी जाऊन नान्नांना सगळं सांगितलं. त्यांनी माग बंद करून ऐकलं, हेच विशेष. मग म्हणाले, "ते राहू दे. मागच्या मालाचा चेक वटेल का, ते विचार तुझ्या सरांना."

टॉवेल चार दिवसांनी परत आला. कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका. नान्नांनी तो दारातल्या उजेडात धरून तपासला आणि डागी मालाच्या गठ्ठ्यावर टाकला.